फ्रिजवरचा कागद

ब्यूला आडोनिस चमच्यानं चहा पीत होती. चहा रॉयबॉसचा, बिनदुधाचा आणि पार गार झालेला. कपाची कड ओठांना लागू द्यायची नव्हती, म्हणून ती मान मागे टाकायची, चमचा अलगद तोंडात रिकामा करायची आणि गिळायची. पाच-सहा चमचे झाल्यावर तिला स्वतःचाच राग आला. साठ वर्षांची बाई, आणि बाळाला औषध पाजावं तसा स्वतःला चहा पाजतेय. उरलेला चहा तिनं सिंकमध्ये ओतून दिला.

फ्रिजच्या दारावर, अननसाच्या आकाराच्या चुंबकाखाली, दवाखान्यातून मिळालेला कागद होता. नर्स झैनबनं तो चांगल्या मोठ्या अक्षरांत छापून दिला होता आणि वर निळ्या पेनानं लिहिलं होतं, 'बुधवार, दुपारी चार'. तिथून अठ्ठेचाळीस तास मोजायचे. ओठ दाबायचे नाहीत, चोळायचे नाहीत. बर्फ लावायचा तो फडक्यात गुंडाळून, दर दोन तासांनी. गरम, तिखट, आंबट, खारट काही नको. स्ट्रॉ नको, सिगारेट नको, लिपस्टिक नको. झोपायचं ते पाठीवर, दोन उशा घेऊन. आणि सगळ्यात शेवटी, एकटीच एक ओळ: मुके घ्यायचे नाहीत, देऊ द्यायचे नाहीत.

काल संध्याकाळी झैनबचा फोन आला होता. दुखतंय का, सूज किती, रक्त येतंय का, असं सगळं विचारून झालं आणि शेवटी ती हसत म्हणाली, "आणि मिस्टरांनाही सांगून ठेवा हं. दोन दिवस लांबूनच."

"सांगते," ब्यूला म्हणाली.

फोन ठेवून ती टीव्हीवरच्या क्लाइव्हच्या फोटोकडे पाहत राहिली. फोटोत त्याची पांढरी टोपी तिरकी बसलेली होती, तीन वर्षं झाली तरी तिरकीच.

"ऐकलंस ना?" ती त्याला म्हणाली. मग तिला हसू आलं, हसताना ओठ ताणला गेला आणि डोळ्यांत पाणी आलं.

ही सगळी शांतेलची कृपा. शांतेल म्हणजे ब्यूलाची एकुलती एक लेक, अबूधाबीला शाळेत शिकवते. आईच्या साठीला यायला जमलं नाही, म्हणून तिनं या दवाखान्याचं व्हाउचर पाठवलं होतं. मम्मी, स्वतःसाठी काहीतरी कर. चेहरा उजळून घे, मालिश कर, हवं ते कर. ब्यूलानं ते चार महिने ड्रॉवरमध्ये ठेवलं. सुया टोचून ओठ भरून घ्यायचं तिच्या मनातही नव्हतं. मग एका रविवारी व्हिडिओवर बोलताना कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात तिला स्वतःचं तोंड दिसलं, आणि ती बोलता बोलता थांबली. नाडी ओढलेल्या पिशवीसारखं आत गेलेलं ते तोंड तिचं नव्हतं, मम्मीचं होतं. शेवटच्या दिवशी, पेटीचं झाकण लावण्याआधी, मम्मीचं तोंड तंतोतंत असं दिसत होतं. त्यानंतर तिला आरशात दुसरं काही दिसेना. दर सकाळी दात घासताना समोर मम्मी.

तसं ओठ आत जायला कारण सरळ होतं. सोळाव्या वर्षी तिनं पुढचे चार दात काढून घेतले होते. त्या काळी केप फ्लॅट्सच्या वस्तीत शाळेतल्या सगळ्याच मुली फॅशन म्हणून काढायच्या. ज्यांचे पुढचे दात शाबूत, त्या चर्चवाल्या आणि भित्र्या. थोरली बहीण लव्हिनिया आणि ती, दोघी एकाच शनिवारी वाइनबर्गच्या दंतवैद्याकडे गेल्या, एकाच खुर्चीत पाठोपाठ बसल्या, आणि रुमाल तोंडावर धरून घरी आल्या. मम्मीनं दोघींना एकाच चपलेनं झोडपलं. नंतर अक्कल आली तेव्हा प्लेटचे दात बसवले, पण ओठांनी एकदा धरलेली आतली वाट सोडली नाही. काल सुया टोचल्यापासून प्लेटची कड वरच्या ओठाला लागत होती, म्हणून ती काढून पेल्यात ठेवली होती.

आता गुरुवारची दुपार. उद्या गुड फ्रायडे. चर्चच्या बायकांना ब्यूलानं फ्लू झाल्याचं कळवलं होतं. रविवारी, ईस्टरला, सूज उतरलेली असेल. तेव्हा नवा निळा ड्रेस घालून जायचं आणि कोणी विचारलं तर झोप चांगली लागते आजकाल असं सांगायचं, एवढा तिचा बेत होता. आज मात्र आरशात बदकच दिसत होतं. वरचा ओठ नाकाला भिडलेला, खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात जांभळाचा डाग पडावा तसं रक्त साकळलेलं.

तिनं बर्फाचे चार खडे फडक्यात घेतले, सोफ्यावर बसली आणि डोळे मिटले. बाहेर मिनीबस टॅक्सीचा पोऱ्या 'वाइनबर्ग, वाइनबर्ग' ओरडत गेला. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

पडद्याच्या फटीतून पाहिलं तर फाटकाबाहेर एक पांढरी गाडी उभी होती, ड्रायव्हर आतच बसलेला, आणि फाटकाच्या आत लव्हिनिया. हातात काचेचं भांडं, वर फॉइल, त्यावर इस्त्री केलेला टॉवेल. ओठांवर तीच गडद आलुबुखारी लिपस्टिक, जी ती एकविसाव्या वर्षापासून लावत आली होती आणि दुकानं बदलली, कंपन्या बुडाल्या, तरी कुठून तरी शोधून आणत होती.

सहा वर्षांत लव्हिनिया या फाटकाच्या आत आली नव्हती. क्लाइव्हच्या अंत्यविधीला आली होती, पण तो लॉकडाउनचा काळ. पन्नास माणसांची यादी, आणि लव्हिनियाचं नाव यादीत घालायला ब्यूलाचा हात धजला नव्हता. ती रस्त्यापलीकडे गाडीत, काच वर करून, तासभर बसून होती. शवगाडी निघाली तेव्हा तीही निघून गेली.

ब्यूलानं ड्रॉवर उपसलं. कोविडच्या वेळचा एक निळा मास्क सापडला, तो कानांना अडकवला आणि दार उघडलं.

लव्हिनिया पायरीवर उभी होती. तिनं भांडं एका हातावर तोललं, दुसरा हात ब्यूलाच्या खांद्यावर ठेवला, आणि मान पुढे केली.

त्यांच्या घरात हे असंच होतं. आपल्या माणसाला तोंडावर मुका द्यायचा. येताना, जाताना, लहानमोठं, बाईबुवा, काही न पाहता, ओठांवर एकच, छोटा, आवाज होईल असा. गाल हा बाहेरच्यांसाठी. पाद्रीबाबांना गाल, विमा एजंटच्या बायकोला गाल. आणि घरातल्या कोणी घरातल्याला गाल दिला, तर नातं तोडलं, याखेरीज त्याला दुसरा अर्थ नसायचा. त्यावरून चुलत्यांची दोन घरं वीस वर्षं एकमेकांच्या लग्नांना गेली नव्हती.

मास्क असला तरी लव्हिनियाला फरक पडला नाही. कापडावर तर कापडावर. तिचं तोंड जवळ आलं तसे ब्यूलाचे ओठ आतून ठणकले, कागदावरची शेवटची ओळ डोळ्यांपुढे आली आणि मान आपोआप वळली. मुका कानाजवळ, मास्कच्या दोरीवर पडला.

 मग लव्हिनियानं अंगठा ओला केला आणि ब्यूलाच्या गालावर लागलेला आलुबुखारी डाग पुसून काढला. ती नेहमीच पुसायची. जिथे ओठ लावेल तिथली खूण मागे ठेवायची नाही, कपावरसुद्धा नाही.

"फ्लू आहे," ब्यूला म्हणाली. दात नाहीत, ओठ सुजलेले, त्यात मास्क. शब्द कसाबसा बाहेर पडला.

"असू दे," लव्हिनिया म्हणाली. "आत येऊ, की इथूनच जाऊ?"

"ये ना, सस."

थोरल्या बहिणीला 'सस' म्हणायची लहानपणची सवय. सहा वर्षं जिभेवर न आलेला शब्द असा न विचारता निघून गेला, आणि तो परत घेता येण्यासारखा नव्हता. लव्हिनिया आत आली.

ती सोफ्याच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर, भांडं आणि चष्मा टेबलावर. तिनं घरभर एकदा नजर फिरवली. पडदे नवे, भिंत तीच, क्लाइव्हची टोपी तिरकी. भाषणाला उभं राहावं तशी ती एका दमात बोलायला लागली.

"घर विकलं मी. ग्रँट दोन वर्षं मागे लागलाय, आई ये, आई ये. शेवटी म्हटलं चला. आज रात्रीचं विमान आहे. पर्थ."

"किती दिवस?"

"किती दिवस काय? घर विकलं म्हटलं ना."

"म्हणजे सुट्टीला येशील."

"माझे गुडघे बघ, ब्यूला. एवढा वेळ त्या खुर्चीत बसून जायचं, तेच मला झेपेल की नाही कोण जाणे. परत यायचं नाव नको. मी आता तिकडेच पुरली जाणार. ग्रँटनं जागासुद्धा बघितली असेल, तो तसाच आहे, बापासारखा." तिनं पर्सची कडी उघडली आणि मिटली. "फोन इथला बंद केला सकाळी. तिकडचा नंबर मिळाला की कळेल कोणाला तरी."

ब्यूलाच्या मास्कच्या आत श्वास गरम होत होता आणि ओठ ठणकत होते. बर्फाचं फडकं घाईत सोफ्याच्या उशीमागे लपवलं होतं. त्यातलं पाणी आता तिच्या पाठीला लागत होतं.

"मासा आणलाय," लव्हिनिया म्हणाली. "स्नूक. मंगळवारी केला, आता मुरला असेल."

तिनं टॉवेल बाजूला केला, फॉइलचा कोपरा उचलला, आणि खोलीत व्हिनेगर, हळद, कांदा आणि तमालपत्राचा तो वास सुटला. गुड फ्रायडेला हा मासा ज्याच्या त्याच्या घरी असतोच, पण कोणाच्या घरचा कोणाच्या घरी जातो याला महत्त्व. मम्मी होती तोवर तिच्या हातचं भांडं दोघींकडे यायचं. ती गेल्यानंतर ब्यूलानं स्वतःपुरता दुकानातून आणला होता, आणि तोही दर वर्षी नाही.

"एक तुकडा खा माझ्यासमोर. मम्मीसारखा झालाय का सांग."

"नंतर खाते, सस."

"नंतर मी कुठे असणार बघायला?"

"घसा दुखतोय. आंबट नको वाटतं."

लव्हिनियानं तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग फॉइलचा कोपरा परत दाबून बसवला, नखानं कडेकडेनं नीट दुमडला, आणि टॉवेल घातला. ब्यूलाला ते बघवेना. मास्क काढावा आणि दाखवून टाकावं, हे बघ, माझ्या तोंडाचं काय झालंय ते. लव्हिनिया हसेल. हसू दे. हसणं तिला सोसलं असतं. पण हसून झाल्यावर ती विचारेल, या वयात कशाला गं? आणि त्याला उत्तर एकच होतं, मम्मीचं तोंड. ते नाव या दोघींच्या मध्ये आणायची ब्यूलाची हिंमत नव्हती.

कारण मम्मी ब्यूलाकडेच गेली होती. शेवटची दोन वर्षं इथेच, मागच्या खोलीत. लव्हिनिया म्हणत होती माझ्याकडे पाठव, माझ्याकडे जिना नाही, दवाखाना जवळ आहे. ब्यूलानं ऐकलं नाही. मग त्या जुलैत छातीत कफ झाला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. अंत्यविधीला, चर्चच्या दारात, सगळ्या गणगोतादेखत, ब्यूला रडत रडत बहिणीकडे धावली, तोंड पुढे केलं, आणि लव्हिनियानं रुमाल तोंडावर धरून गाल पुढे केला. एक शब्द बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती. तू मारलंस तिला, असं तो गाल म्हणत होता, आणि ब्यूलानं ते ऐकलं. सहा वर्षं रोज ऐकलं. भांडी घासताना, मागच्या खोलीची खिडकी उघडताना, क्लाइव्हच्या आजारपणात तर दर तासाला. कधी तिला वाटायचं की लव्हिनियाचं खरंच आहे.

"दात घातले नाहीस वाटतं," लव्हिनिया एकदम म्हणाली.

ब्यूलाचा हात मास्ककडे गेला. "तापात टोचतात."

"हं." लव्हिनियानं पुन्हा पर्सची कडी उघडली. "ते दात म्हणजे ना. माझंही एकदा..." ती थांबली. ब्यूला वाट पाहत राहिली. कडी मिटली. "जाऊ दे. म्हातारपणाच्या गप्पा."

बाहेर ड्रायव्हरनं गाडीचं दार उघडून लावलं.

"हे फ्रिजमध्ये ठेवते आणि निघते," लव्हिनिया म्हणाली. भांडं उचलून ती स्वयंपाकघराकडे वळलीसुद्धा.

"राहू दे, मी ठेवते," ब्यूला उठत म्हणाली, पण लव्हिनियानं मागे न बघता हात हलवला. तिला या घरातला फ्रिज कुठे आहे हे ठाऊक होतं. ब्यूला सोफ्याच्या पाठीला धरून उभी राहिली. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. बाटल्या सरकवल्याचा आला. दार बंद झाल्याचा आला. मग काहीच आवाज आला नाही.

आता हसेल, ब्यूलाला वाटलं. लव्हिनियाचं हसणं दोन गल्ल्यांपलीकडे जायचं. ती कान देऊन उभी राहिली. टेबलावरचा लव्हिनियाचा चष्मा जागेवर नव्हता, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं. मग नळ सुटला, बराच वेळ वाहिला आणि थांबला.

लव्हिनिया बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता. लिपस्टिकसुद्धा अर्धी गेली होती. चष्मा तिनं पर्समध्ये टाकला.

"वाचलंस?" असं विचारायला ब्यूलानं तोंड उघडलं, पण तोवर लव्हिनिया दाराकडे वळली होती.

"येते," लव्हिनिया म्हणाली.

दोघी पायरीवर आल्या. ब्यूला थांबली. आता मान पुढे आली असती तर तिनं वळवली नसती. कागद गेला चुलीत, दोन दिवस गेले चुलीत. तिनं मास्कच्या दोरीला बोटसुद्धा घातलं होतं. पण लव्हिनिया पुढे झाली नाही. ती एक पायरी उतरून, दोन हातांचं अंतर ठेवून उभी राहिली. तिनं ब्यूलाचा हात हातात घेतला, पंजा वरून दोनदा थोपटला, बँकेतल्या बाईनं थोपटावा तसा.

"नीट राहा," ती म्हणाली. "पाठीवर झोप."

मग ती गुडघे सांभाळत फाटकाकडे गेली, कडी स्वतः लावली, आणि गाडीत बसली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तिनं मागे पाहिलं नाही.

ब्यूला घरात येऊन सोफ्यावर बसली. संपलं, तिला वाटलं. गालसुद्धा नाही, आता नुसता हात. तिनं मास्क काढून फेकला. उशीमागचं फडकं नुसतं ओलं राहिलं होतं, तेच तिनं ओठांवर धरलं. एवढे ओठ, आणि कशासाठी? कोण बघणार होतं? शांतेल, अंगठ्याएवढ्या चौकोनात. ज्या तोंडाला तीन वर्षांत कोणी शिवलं नाही, त्याला दोन दिवस शिवू नका म्हणून कागद लावून ठेवला होता, आणि शिवायला आलेलं एकुलतं एक माणूस तिनं दारातून परत पाठवलं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले तेव्हा सवयीनं तिला बर्फाची आठवण झाली. चोवीस तास झाले होते. ती उठून स्वयंपाकघरात गेली, फ्रिजच्या दाराला हात घातला आणि तशीच थांबली.

कागदाच्या तळाशी, मुके घ्यायचे नाहीत या ओळीवर, आलुबुखारी रंगाचे दोन ओठ उमटले होते. चांगले दाबून, भरगच्च, मधली फट आणि वरच्या ओठाचे दोन उंचवटेसुद्धा दिसत होते. पुसलेले नव्हते. त्याखाली, बाजारहाटाच्या यादीसाठी दोरीला बांधलेल्या पेनानं, लव्हिनियाच्या मोठ्या शाळकरी अक्षरांत लिहिलं होतं:

'मम्मीच्या दिवशी सकाळी माझी प्लेट बेसिनमध्ये पडली आणि दोन तुकडे झाले. पुढे दात नाहीत, चर्चभर माणसं. तोंड कसं उघडणार होते? घरी गेल्यावर सांगणार होते, तर तू घरी बोलावलंच नाहीस. मग मलाही राग आला. तू तिला चांगलं सांभाळलंस, माझ्याकडून झालं नसतं. मासा उद्या चारनंतर खा.'

ब्यूलानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. रुमाल, ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. तो पांढरा रुमाल सहा वर्षं तिच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता. तिला वाटलं होतं लव्हिनिया तिची शिसारी आल्यासारखी तोंड झाकतेय. सोळाव्या वर्षी वाइनबर्गहून येताना बसमध्ये दोघींनी अगदी तसाच रुमाल धरला होता, तोंडावर, घट्ट. ज्या बाईनं आयुष्यात कधी लिपस्टिकशिवाय दार उघडलं नाही, ती त्या दिवशी सगळ्यांदेखत बोळक्या तोंडानं काय करणार होती? हे ओळखायला दुसरी कोणी नाही, ब्यूलाच हवी होती. आणि ब्यूलालाच ते कळलं नाही.

ती धावत फाटकाशी गेली. रस्ता रिकामा होता. समोरच्या घरी कोणीतरी मोटार धूत होतं. घरात येऊन तिनं लव्हिनियाचा जुना नंबर लावला, आणि हा नंबर सेवेत नाही असं एक बाई तिला अतिशय नम्रपणे तीनदा म्हणाली. शांतेलला निरोप टाकला, ग्रँटचा नंबर शोध. मग ती फ्रिजसमोरच्या स्टुलावर बसली आणि रडली, आणि डोळ्यांतलं पाणी ओठांवर येऊन झोंबलं. खारट चालणार नाही असं कागदावर होतंच. तिनं टॉवेलचं टोक घेतलं, ओठांना न दाबता, नुसतं टेकवून टेकवून ते टिपून काढलं, आणि पुन्हा भरून आलं की पुन्हा टिपलं.

रात्री ती पाठीवर झोपली, दोन उशा घेऊन.

शुक्रवारी ती घड्याळाकडे पाहत बसली. साडेतीनला टेबलावर चादर घातली, प्लेट घासून दात बसवले, गुड फ्रायडेचे, वर क्रूस काढलेले गोड पाव कापून त्यांना लोणी लावलं. चार वाजून दोन मिनिटांनी भांडं काढलं. मासा पिवळाजर्द झाला होता, कांदा अजून कुरकुरीत. पहिल्याच घासाला ओठ असे झणझणले की तिनं डोळे गच्च मिटले. व्हिनेगर जास्त होतं. मम्मीला मदत करताना लव्हिनियाच्या हातून ते नेहमीच जास्त पडायचं, आणि मम्मी दर वर्षी तिला तेच सांगायची.

"सस, आंबट झालाय," ब्यूला म्हणाली. समोरच्या खुर्चीत कोणी नव्हतं. तिनं दुसरा तुकडा घेतला.

शनिवारी सकाळी दहा वाजता झैनबचा फोन आला. ईस्टरची सुट्टी असूनही ती घरून फोन करत होती. मागे मुलांचा गोंधळ चालू होता. तिनं यादी वाचल्यासारखं एकेक विचारलं. सूज उतरली? हो. डाग? फिका झालाय. गाठ लागतेय कुठे? ब्यूलानं बोट फिरवून पाहिलं. ओठ मऊ होते, भरलेले, कोणा दुसरीचे असावेत तसे. नाही, गाठ नाही.

"गरम प्यालात का?"

"नाही."

"दाबलंत? घासलंत?"

"नाही."

"छान. सगळ्या बायका तुमच्यासारख्या शहाण्या असत्या तर माझं काम सोपं झालं असतं." झैनब हसली. "आणि मिस्टरांनी ऐकलं ना?"

ब्यूला फ्रिजकडे बघत होती. रात्रीतून कागदाचा खालचा कोपरा थोडा वळला होता. तिनं ड्रॉवरमधून दुसरा चुंबक काढला, माशाच्या आकाराचा, आणि तो कोपरा सपाट करून त्यावर बसवला.

"मिस्टर तीन वर्षांपूर्वी गेले," ती म्हणाली. "बहिणीनं ऐकलं."